चिमट्यावरचा खडू

आक्का, तुझ्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा माझ्यासमोर टेबलावर आडवा पडलाय. चाक काढलंय, ब्रेक काढलाय. दोन्ही पाय जिथे एकत्र येतात त्या माथ्यावर, मी भोक पाडलं त्या जागेभोवती, खडूची पांढरी भुकटी आहे. तिच्यात रेघ उमटते का ते बघत मी बसलोय. लेथ बंद ठेवलाय. लेथच्या आवाजाने रेघेला काही होत नाही, पण आज मला कुठलाच आवाज सहन होत नाहीये.

उद्या चतुर्थी. पल्लवी म्हणते, आई दर वेळी जायची तशी तिची सायकल घेऊन राजूरच्या गणपतीला जाणार. तुझी लेक तुझ्यावरच गेलीय, विचारत नाही, सांगते. काल सायकल दुकानात आणून उभी केली आणि म्हणाली, ‘मामा, सुतक फिटलं. आईची चतुर्थी मला चुकू द्यायची न्हाई.’ मी म्हणालो, चिमटा तपासतो आणि मग बघू. तिने मान डोलावली. आता ती संध्याकाळी येईल आणि विचारेल.

रेघ उमटली तर सायकल भिंतीला टांगायची आणि विषय संपला. नाही उमटली तर तुझी एकुलती एक पोर त्या रस्त्यावर, ट्रकांच्या कडेकडेने. आणि आक्का, तुझ्यापासून काय लपवू, सकाळपासून डोक्यात एक तिसरीच गोष्ट घोळतेय. रेघ नसली तरी आहे म्हणून सांगून टाकावं. तिला यातलं काय कळतं? दाजी तर उलट माझे आभार मानतील.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. बाबा संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालताना मोजायचे, मोजून झाली की पुन्हा मोजायचे, आणि जेवताना मधेच उठून एकदा बघून यायचे. वडीगोद्रीची ती मेंढरं गेली, बाबा गेले, तो गुण तेवढा माझ्यात उतरला. तुझ्यात कसा नाही उतरला, याचं मला नवल वाटायचं. आपण दोघं एका ताटात जेवलो, पण भीती सगळी माझ्याच वाट्याला आली.

तू ही सायकल पुन्हा बाहेर काढलीस तेव्हा मी पहिल्यांदा हादरलो. इतकी वर्षं ती तुझ्या घराच्या माळ्यावर पडून होती. तुझ्या शर्यतींचे दिवस मागे पडले होते, शाळेत पोरींना खो-खो शिकवण्यात तू रमली होतीस. मला वाटलं होतं ती कथा संपली. आणि एक दिवस तू दुकानासमोर येऊन उभी. उभी म्हणजे पाय खाली न टेकता, सायकल जागच्या जागी तोलून, हसत. मी विचारलं, ब्रेक कुठंय? तू पाय दाखवलेस.

‘हेच माझे ब्रेक. ट्रॅकच्या सायकलीला दुसरे नसत्यात.’

मी वाकून ती सायकल नीट बघितली. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय. थांबायचं तर पायांनीच उलटा जोर द्यायचा. गोल ट्रॅकवर ठीक आहे, तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि मधे कोणी म्हैस आणत नाही. पण राजूरवरून जाणारा आपला भोकरदनचा रस्ता? सळयांनी भरलेले ट्रक, मधेच आडवी येणारी टमटम, उलट्या बाजूने येणारे मोटारसायकलवाले. मी तुला हे सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘तू लई इचार करून राह्यला, दत्ता.’

भोक पाडायला तू तयार नव्हतीस. साध्या सायकलीच्या चिमट्याच्या माथ्यावर ब्रेकचा बोल्ट जायला भोक असतं, ट्रॅकच्या चिमट्याला ते नसतंच. तू म्हणायचीस, तीच तर तिची जात. भोक पाडलं की ती कोणाचीही सायकल. मला ते पटत नव्हतं, पण तुझ्या बोलण्यात असं काही होतं की हातातलं ड्रिल मी खाली ठेवलं. मग मी लोखंडी पट्टीचा एक पट्टा केला, चिमट्याच्या दोन्ही पायांना आवळून बसणारा, आणि त्यावर ब्रेक बसवला. भोक नाही, खिळा नाही. मी स्वतःवर खूश होतो. दोन-तीन गिऱ्हाइकांना दाखवलासुद्धा.

पण त्या चिमट्याचे पाय गोल, आणि खाली खाली बारीक होत जाणारे. पट्टा हादऱ्याने जरा खाली सरकला की सैल, सैल झाला की आणखी खाली. राजूरच्या अलीकडच्या उतारावर तू ब्रेक दाबलास आणि पट्टाच घसरला, रबरं रिमवरून सुटून तारांकडे गेली. तारांत अडकली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला ते तुला सांगत नाही, तू हसशील. तू पायांनी सायकल थांबवलीस, सायकल हातात धरून चालत परत आलीस आणि तो पट्टा माझ्या या टेबलावर ठेवलास. रागावली नाहीस. म्हणालीस, ‘हा घे तुझा पट्टा. भोक पाड.’

मग पाळी माझ्यावर आली. ज्या भोकासाठी मी इतके दिवस भांडलो, तेच पाडायला माझा हात उचलेना. चिमटा पोलादी होता म्हणून तरी हात लावायचा विचार करता आला. हल्लीच्या त्या काळ्या, कार्बनच्या, फुलासारख्या हलक्या चिमट्यांना भोक पाडणं म्हणजे माणूस मारणंच. पण पोलादी झाला म्हणून काय, ज्यावर माणसाचा सगळा भार येतो त्या जागेतूनच मी धातू काढून घेणार होतो. मी मापं घेतली, मध्य काढला, पुसला, पुन्हा काढला. तू स्टुलावर बसून शेंगदाणे खात होतीस. शेवटी म्हणालीस, ‘आता पाड न्हाईतर मीच पाडते.’

मी पाडलं. तेल सोडत, हळूहळू, अगदी थांबत थांबत. पहिलं भोक पडेपर्यंत तू शेंगदाणे खायची थांबली होतीस, हे माझ्या लक्षात आलं होतं. आतून तो भाग पोकळ, बोल्ट आवळला की चेपायची भीती, म्हणून मी लेथवर त्याच गोलाईला चपखल बसणाऱ्या वायसर केल्या, एक पुढून, एक मागून. ब्रेक बसला. तू दुकानासमोर चक्कर मारलीस, लिव्हर दाबलास, सायकल जागच्या जागी थांबली. खाली पडलेला धातूचा किस तू उचललास आणि रुमालात बांधलास. मी विचारलं, कशाला? तू गाठ ओढून आवळलीस. तो रुमाल आता कुठे आहे, पल्लवीला विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

त्यानंतर आपला दुसरा वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. ब्रेकचा लिव्हर मी उजवीकडे बसवला होता. पुढचा ब्रेक उजव्या हातात, ही आपल्याकडची सगळ्यांची सवय. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीकडे जातो. तुला मात्र डावीकडे हवा होता. कारण काय, तर तुझं ते चहाचं हॉटेल. राजूरला जाताना रस्त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे सगळा रस्ता आडवा ओलांडून जायचं. तू म्हणायचीस, उजवा हात दाखवून वळावं लागतं, त्याच वेळी वेगही कमी करावा लागतो, मग हात दाखवू का ब्रेक दाबू? मी म्हणायचो, अगं बरोबर समोर, डाव्या अंगालाच दुसरं हॉटेल आहे, तिथे थांब, रस्ता ओलांडायचं कारणच नाही. चहा तो चहाच.

‘त्याचा चहा नुसतं पाणी हाय.’

‘पाणी तर पाणी. जिवापेक्षा चहा मोठा का?’

‘तू एकदा पिऊन बघ, मंग बोल.’

मी कधी प्यायलो नाही. आणि लिव्हरही बदलला नाही. मी म्हणालो, उद्या दुसऱ्या कोणी ही सायकल घेतली तर त्याचा हात चुकेल. त्यावर तू म्हणालीस, ‘दुसरं कोण चालवणार हाय हिला?’ तेव्हा पल्लवी तुझ्या शाळेच्या मैदानावर हीच सायकल शिकत होती, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही.

दसऱ्याचं आठवतं का? आठवत असणारच, माझी फजिती तू सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरलीस. खंडेनवमीला मी लेथची पूजा केली, तू सायकलीची. दुसऱ्या दिवशी तुझा फोन. ब्रेक लागेना. लिव्हर पार मुठीला टेकतोय, रबरं रिमला चिकटतायत आणि सायकल पुढे चाललीच आहे. मी जेवता जेवता ताटावरून उठलो. वाटेत मला भोक फाटलेलं दिसत होतं, बोल्ट वाकलेला दिसत होता, तू रस्त्यावर पडलेली दिसत होतीस. तू चांगली दारात बसून होतीस. मी सगळं उलगडलं, भोक बघितलं, वायसर बघितल्या, वायर बघितली. सगळं जसंच्या तसं. मग बोट रिमवरून फिरवलं आणि बोट चमकलं. खोबरेल तेल!

तू शर्यतीच्या दिवसांपासून दर दसऱ्याला सायकल नखशिखांत खोबरेलाने पुसायचीस, रिमसुद्धा. ब्रेकच नव्हता, तर रिमला तेल लागलं काय आणि न लागलं काय. इतक्या वर्षांत त्या तेलाने कधी काही बिघडलं नव्हतं. मी ब्रेक बसवला आणि तुझी पूजाच धोक्याची झाली. मी रिम सोड्याने घासत होतो, आणि तू पोट धरून हसत होतीस. झेंडूचा हार तसाच हॅण्डलला लटकत होता. मी रागाने तो ओरबाडून काढला. तू हसायची थांबलीस आणि म्हणालीस, ‘दत्ता, पाय होते ना माझे. थांबले ना मी.’ मी रिम घासत राहिलो. मला म्हणायचं होतं की तुझ्या पायांचं वय झालंय आक्का, आणि तुझ्याशिवाय मला कोणी नाही. असलं आपण भावंडं एकमेकांना कुठे म्हणतो?

तेव्हापासून दर चतुर्थीच्या आधी चिमटा माझ्याकडे, ही अट मी घातली. ब्रेक काढायचा, माथा पुसायचा, त्यावर रॉकेल लावून मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वरून खडूची भुकटी. कुठे केसाएवढा तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडू ओला करतं, काळसर रेघ दिसते. रॉकेल मिळेनासं झाल्यावर डिझेलवर भागवायला लागलो. खडू तू आणायचीस, शाळेतल्या फळ्याखालचे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून. दर वेळी पुडी टेबलावर ठेवून म्हणायचीस, ‘घे, डॉक्टर, तपास तुझा पेशंट.’ दर वेळी खडू पांढराच राहायचा आणि तू माझ्याकडे बघून भुवई उडवायचीस.

आजचा खडू त्याच शेवटच्या पुडीतला आहे. मी कुटताना हात आखडता घेतला. पुडीत अजून थोडे तुकडे शिल्लक ठेवलेत.

मी रस्त्याची काळजी करत राहिलो आणि तू घरात गेलीस. दुपारी, खुर्चीत बसून, तुरीच्या शेंगा सोलता सोलता. दाजी म्हणतात, मान जराशी कलली आणि त्यांना वाटलं डुलकी लागली. मांडीवरची परात सरकली नाही की दाणे सांडले नाहीत. मी पोचलो तेव्हा सायकल अंगणात भिंतीला टेकलेली होती, चाकाला आदल्या फेरीचा चिखल. आणि आक्का, तुझ्याकडे बघायच्या आधी मी त्या सायकलीकडे बघितलं. चिमट्याकडे. मला वाटलं तिनेच काहीतरी केलं असणार. इतकं माझं मन त्या भोकात अडकलं होतं. डॉक्टर हृदय म्हणाले तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी मी असा रडलो की दाजींनाच मला धरावं लागलं.

खडू अजून पांढरा आहे. मी भिंग लावून बघितलं. कापडाने पुसून पुन्हा डिझेल लावलं, पुन्हा भुकटी टाकली. तू असतीस तर म्हणाली असतीस, मेंढरं मोजून राह्यला का?

इथवर लिहिलं आणि पल्लवी आली.

ती स्टुलावर बसली, तुझ्याच जागी. कामावरून थेट आली होती, बियाण्याच्या कंपनीतला तो हिरवा डगला अंगात होता. तिने चिमट्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. ‘मामा, रेघ आली का?’

तोंडात शब्द तयार होता, आक्का. ‘आली’ म्हणायला किती वेळ लागतो? सायकल भिंतीवर गेली असती आणि मला आयुष्यभर शांत झोप लागली असती. पण मला तुझी ती भुवई दिसली. इतक्या वेळा खडू पांढरा राहिला आणि दर वेळी मी खरं सांगितलं म्हणूनच तू त्या सायकलीवर निर्धास्त बसत होतीस. माझ्या हाताचा तुला भरवसा होता, मलाच नव्हता. मी म्हणालो, ‘न्हाई आली. चिमटा बराबर हाय.’

तिने मोठा श्वास सोडला. म्हणजे तीही घाबरली होती! मला ते सुचलंच नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, ‘मामा, एक सांगू? आई सारखी म्हणायची, लिव्हर डावीकडं पाहिजे.’

मी पाना उचलला. वायर नवी घातली, कारण डावीकडून यायला जुनी पुरत नव्हती. वायसर पुसून बसवल्या, बोल्ट आवळला, रिम सोड्याने धुतली. पल्लवीला त्या लिव्हरवर दुकानासमोर चकरा मारायला लावल्या, अचानक ‘थांब’ म्हणून ओरडलो, तिचा हात बरोबर डावीकडे गेला. पुन्हा ओरडलो. ती कंटाळली तरी मी थांबलो नाही.

हे पुढचं चतुर्थीच्या संध्याकाळी लिहितोय.

ती उजाडल्यावर निघाली. मी लुनावर मागे. मी मागे यायचो ते तुला आवडायचं नाही, म्हणून तुझ्या वेळी मी गावाबाहेरच्या पुलापर्यंतच यायचो आणि परत फिरायचो. आज फिरलो नाही. सुरुवातीला नजर चिमट्यावरच होती, प्रत्येक खड्ड्याला माझाच जीव खालीवर होत होता. एक ट्रक तिला घासून गेल्यासारखा गेला आणि मी देवाचं नाव घेतलं. मग कुठेतरी, मोकळा रस्ता लागला तसं, मी वर बघितलं. खांदे तुझेच. कोपर आत घेऊन बसायची तुझी तऱ्हा. पाय एका लयीत, न थांबता, चाकासारखेच. मला एकदम कळलं की मी तुला सायकल चालवताना कधी बघितलंच नाही. इतकी वर्षं तुझ्या मागे आलो, पण मी चिमटा बघत होतो. किती छान चालवायचीस गं तू. हे सांगायचं राहून गेलं.

उतार आला. मी दात आवळले. तिने ब्रेक दाबला, सायकल हळू झाली, ब्रेक जागचा हलला नाही.

पुढे ती दोन हॉटेलं. मी गाडी डाव्या अंगाच्या हॉटेलासमोर लावली. पल्लवी रस्त्याच्या मधोमध आली, उजवा हात लांब काढला, डाव्या हाताने ब्रेक दाबला आणि थांबली. पाय न टेकता, जागच्या जागी, तोलून. समोरून सळयांचा ट्रक येत होता. ट्रक गेला, तिने हात खाली घेतला आणि आरामात रस्ता ओलांडून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिने मला बघितलं होतं. ग्लास वर करून दाखवला.

मीही इकडे चहा मागवला. बाकावर बसून प्यायलो, शेवटच्या घोटापर्यंत. हा एक वाद तर मिटला, आक्का. याचा चहा खरंच नुसतं पाणी आहे.